माईक टेस्टिंग... वन, टू, वर्धा!

हॅलो, हॅलो... मागच्यांना ऐकू येतंय का?

सोमवारी सकाळी साहेबांचा मेसेज येतो, ‘गुरुवारी हेड ऑफिससमोर प्रेझेंटेशन तू दे.’ बस्स! हिंगणघाट असो, आर्वी असो की कारंजा घाडगे, ऑफिसातला वाघ त्या क्षणी मांजर होतो. त-त-प-प सुरू. बोबडी वळते, दातखीळ बसते, घशाला कोरड पडते. बोलता न येण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत बघा!

आणि बोलता आलंच, तर आपण काय करतो? भाषण ‘ठोकतो’. ‘झोडतो’. अकलेचे तारे ‘तोडतो’. सभा ‘मारून’ नेतो. बिचाऱ्या श्रोत्यांचं काय होत असेल ते आपल्या क्रियापदांनीच सांगून टाकलंय.

तर मंडळी, वर्धेकरांना आज एक गुड न्यूज. तुमच्या जिल्ह्याचा सगळ्यात फेमस रहिवासी कधीकाळी तुमच्याहून घाबरट वक्ता होता. माहीत आहे का?

तीस रुपये रिफंड!

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिली केस लढवायला उभे राहिले. पक्षकार ममीबाई, फी ३० रुपये. उलटतपासणीसाठी उठले आणि डोकं गरगरलं. एक प्रश्न सुचेना! खाली बसले, फी परत केली आणि म्हणाले, पटेल वकिलांना घ्या. पटेलांनी ५१ रुपये घेतले. म्हणजे पहिलं प्रेझेंटेशन फेल, वर मनी-बॅक गॅरंटी. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. आपण असले किस्से लिंक्डइनवर लपवतो!

त्याआधी इंग्लंडमध्ये काय झालं, माहीत आहे का? शाकाहारी मंडळींच्या एका सभेत भाषण लिहून नेलं होतं. जेमतेम एक फुलस्केप कागद. उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी, पाय लटलट. शेवटी तो कागद सोबतच्या मित्रानं वाचला.

मग १८९१ मध्ये निरोपाचं जेवण. या वेळी गडी तयारीनिशी! सुरुवातीला सांगायला एक छानसा विनोद पाठ करून आणला होता. विनोद असा, की एक वक्ता पार्लमेंटमध्ये पहिल्याच वाक्यावर तीनदा अडकतो. तो सांगायला उठले आणि स्वतःच पहिल्या वाक्यावर अडकले. आभार मानून खाली. (पाठ केलेला जोक ऐन वेळी दगा देतो, याचा इतका नमुनेदार पुरावा दुसरीकडे मिळायचा नाही.)

१८९६, मुंबई. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या हालांवर जाहीर सभा. मुंबईचे पुढारी फिरोजशहा मेहतांनी आधीच बजावलं होतं, भाषण लिहून आणा. लिहून आणलं. पण आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचेना, आणि अखेर ते भाषण दणदणीत आवाजाच्या दिनशा वाच्छांनी वाचलं. टाळ्या वाच्छांना पडल्या, पण मुद्दे गांधींचे होते.

गांधींना स्वतःला या भित्रेपणाचं पुढे दुःख उरलं नाही बरं का. उलट त्यांचा हिशेब असा, की बोलायची भीती होती म्हणून शब्द काटकसरीनं वापरायची सवय लागली. आता ही काटकसर वर्ध्यात कशी फळली ते बघू.

एका भाषणानं वर्ध्याला काय दिलं?

फेब्रुवारी १९१६. बनारस हिंदू विद्यापीठाचा सोहळा. दागिन्यांनी मढलेले राजेमहाराजे समोर, आणि गांधी त्यांच्याच दागिन्यांवर बोलतात! ॲनी बेझंट यांनी मध्येच थांबवायचा प्रयत्न केला, राजेसाहेब उठून चालते झाले, भाषण अर्धवट राहिलं. कॉर्पोरेट भाषेत म्हणायचं तर ‘क्लायंट वॉकआउट’.

पण काशीतच एक विशीतला मराठी मुलगा होता. त्यानं या भाषणाची बातमी पेपरात वाचली, गांधींना पत्र टाकलं, आणि काही महिन्यांत थेट त्यांच्या आश्रमात दाखल. मुलाचं नाव विनायक नरहरी भावे. आपले विनोबा! १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले आणि वर्ध्याचेच झाले. समोरच्या रांगेतले उठून गेले तरी कुठल्या तरी कोपऱ्यातला एक जण नोट करून घेत असतो, एवढं ध्यानात असू द्या.

पत्ता नीट सांगा, भाऊ!

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी राहायला आले त्या गावाचं नाव होतं शेगाव. आणि पोस्टाचा जो गोंधळ उडायचा! बापूंची पत्रं जायची गजानन महाराजांच्या शेगावला, तिकडे बुलडाण्यात. म्हणून १९४० मध्ये नाव बदलून केलं सेवाग्राम. ब्रँडिंगवाले ज्याला ‘रीनेमिंग एक्सरसाइज’ म्हणून लाखोंचं बिल लावतात, ते इथे पोस्टाच्या गोंधळापायी झालं. प्रेझेंटेशनमध्ये तुम्हीही कंपनीचं, प्रॉडक्टचं, समोरच्या साहेबांचं नाव नीट उच्चारा. डिलिव्हरी चुकीच्या गावी गेली की गेली!

योगायोग बघा. त्याच १९३६ साली अमेरिकेत डेल कार्नेगींचं माणसं जोडण्यावरचं ते जगप्रसिद्ध पुस्तक बाजारात आलं. तिकडे लोकांना जिंकायचं कसं याचे धडे, इकडे मातीच्या झोपडीत बसलेल्या माणसाला भेटायला लोकांची रीघ. आश्रमात टेलिफोनची छोटी खोली आजही दाखवतात. व्हाइसरॉय लिनलिथगोंनी थेट संपर्कासाठी तो फोन बसवून दिला होता. कॉन्फरन्स कॉलचे मूळपुरुष!

आणि हो, अब्जाधीश वॉरेन बफे तरुणपणी चारचौघांत बोलायला इतके घाबरायचे की त्यांनी डेल कार्नेगी कोर्सला १०० डॉलर भरले. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर कॉलेजच्या डिग्र्या नाहीत, पण त्या कोर्सचं सर्टिफिकेट आहे.

एक वाक्य, एक करिअर

वर्ध्यात कॉमर्स शिकायला कॉलेज केव्हापासून आहे, माहीत आहे का? १९४० पासून! गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय, म्हणजे आपलं जी. एस. कॉमर्स. प्राचार्य होते श्रीमन्नारायण अग्रवाल, पुढे ‘गांधीवादी योजना’ मांडणारे. ठाकुरदास बंग तिथेच अर्थशास्त्र शिकवायचे.

बंग अमेरिकेला शिकायला निघाले होते. जाण्याआधी सेवाग्रामला बापूंचे आशीर्वाद घ्यायला गेले. बापूंनी ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले. अर्थशास्त्र शिकायचंय तर अमेरिकेपेक्षा भारतातल्या खेड्यांत जा, अशा अर्थाचं. झालं! अमेरिका रद्द, खेडं पक्कं. हा किस्सा त्यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग सांगतात. स्टार्टअपवाले ज्याला ‘एलेव्हेटर पिच’ म्हणतात, त्याचा हा वर्धा रेकॉर्ड. तोही लिफ्ट नसलेल्या कुटीत!

मंडे म्हणजे मौन-डे

सोमवारी गांधीजी बोलायचे नाहीत. कितीही मोठा पाहुणा येवो, कागदाच्या चिटोऱ्यावर उत्तर. आपल्याकडे सोमवारी सकाळी ‘वीकली रिव्ह्यू’ असतो आणि अकरा माणसं एकदम बोलतात. काहून बे, इतकं काय अर्जंट असते?

हसू नका. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. त्याऐवजी सहा पानी टिपण, आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून ते वाचायचं. चिटोरा वर्ध्याचा, मेमो सिॲटलचा, फॉर्म्युला तोच.

विनोबा तर एक पाऊल पुढे. २५ डिसेंबर १९७४ पासून सबंध एक वर्ष मौन! आणीबाणी लागली ती त्याच वर्षात. त्यांनी कागदावर लिहिलेल्या ‘अनुशासन पर्व’ या दोन शब्दांवर देशभर जो काथ्याकूट झाला, तो आजतागायत मिटलेला नाही. सरकारनं ते शब्द आपल्या सोयीनं वापरले, टीकाकारांनी विनोबांना धारेवर धरलं. कमी बोलणं चांगलंच, पण दोनच शब्दांत काम उरकलं तर बाकीचे अर्थ लोक भरतात. हाही धडा वर्ध्यातलाच.

भाषण केलं, अटक झाली!

भाषण करणं हाच गुन्हा आणि भाषण करणं हेच आंदोलन, असं कधी ऐकलंय? पवनारला घडलंय. १७ ऑक्टोबर १९४०, वैयक्तिक सत्याग्रह. पहिला सत्याग्रही कोण? विनोबा. दुसरा निवडलेला कोण? जवाहरलाल नेहरू! मोर्चा नाही, घेराव नाही. फक्त उभं राहायचं आणि युद्धाला मदत करू नका असं जाहीर बोलायचं. गंमत म्हणजे सत्याग्रहीनं कुठे, किती वाजता बोलणार हे जिल्हा मॅजिस्ट्रेटला आधी कळवायचं. कॅलेंडर इन्व्हाइटच की! २१ ऑक्टोबरला विनोबांना अटक झाली. तुमच्या प्रेझेंटेशननंतर फार तर इन्क्रिमेंट अडकेल, बेड्या पडत नाहीत. घाबरता कशाला?

विनोबांचा बेस्ट परफॉर्मन्स मात्र वर्ध्याबाहेरचा. १९३२, धुळ्याचा तुरुंग. दर रविवारी गीतेचा एक अध्याय, अठरा रविवार, अठरा प्रवचनं. समोर कैदी. आणि नोट्स कोण काढतंय, माहीत आहे का? साने गुरुजी! त्या नोट्सचं पुस्तक झालं ‘गीता प्रवचने’. कितीतरी भाषांमध्ये गेलं. मीटिंगचे मिनिट्स लिहायला असा माणूस मिळाला तर कुणाचंही भाषण अमर होईल. आपल्याकडे मिनिट्स लिहायचं काम सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात मारतात आणि मग ‘उपस्थितांनी चर्चा केली’ एवढंच उरतं.

आता सेल्सवाल्यांनी पुढच्या खुर्च्या घ्या. १९५१ मध्ये विनोबा पायीच हैदराबादकडे निघाले, सुमारे तीनशे मैल. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेतच विचारलं, कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि म्हणाले, १०० एकर देतो. भूदान सुरू! पुढे विनोबांची मागणी ठरून गेली. तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. हिशेब सोपा, नातं घरचं, आकडा ठरलेला. दानात आलेल्या जमिनीतली बरीच खडकाळ निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरं. पिच झकास असली तरी फॉलोअप लागतोच, हे कुठल्याही एरिया मॅनेजरला विचारा.

नमनाला किती तेल?

मराठी स्टेजवरचं सगळ्यात मोठं खोटं वाक्य कुठलं? ‘मी तुमचा फार वेळ घेणार नाही.’ दुसरा नंबर, ‘दोन शब्द बोलून माझं भाषण संपवतो.’ तिसरा, ‘माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे’, आणि मग तेच सगळं पुन्हा! व्यासपीठावरचे मान्यवर, समोरचे मान्यवर, येऊ न शकलेले मान्यवर... नमनालाच घडाभर तेल. मी एका संस्थेच्या कार्यक्रमाला (नाव नको, पुन्हा बोलावतील अशी आशा आहे) नामोल्लेखांतच वीस मिनिटं गेलेली पाहिलीत. माझ्या वाट्याला आली सात. सातच मिनिटं मिळाल्यामुळे बरी बोललीस, असं नंतर नवरा म्हणाला.

लांबणीचे चॅम्पियन हवेत? घ्या. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळक ज्युरीसमोर स्वतःच्या बचावासाठी एकूण २१ तास १० मिनिटं बोलले, कित्येक दिवस मिळून. शिक्षा झालीच, सहा वर्षं मंडाले. व्ही. के. कृष्ण मेनन १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर दोन दिवस मिळून जवळपास आठ तास बोलले आणि कोसळले. फिडेल कॅस्ट्रो १९६० मध्ये आमसभेत साडेचार तासांच्या आसपास.

आणि छोटेपणाचा चॅम्पियन? लिंकन! १९ नोव्हेंबर १८६३, गेटिसबर्ग. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. मग लिंकन उठले, दोन-तीन मिनिटं बोलले, बसले. एव्हरेट काय म्हणाले होते ते आज कुणाला आठवत नाही.

अठराचा योग पण भारी आहे. गीतेचे अध्याय १८, विनोबांचे रविवार १८, आणि टेड टॉकची वेळमर्यादा? १८ मिनिटं! जपानी ‘पेचा कुचा’ त्याहून कडक. २० स्लाइड, प्रत्येकीला २० सेकंद, आपोआप पुढे सरकणार. ६ मिनिटं ४० सेकंदांत खेळ खल्लास. मान्यवरांची नावं घ्यायला जागाच नाही.

पॉवर आहे, पॉइंट कुठाय?

पॉवरपॉइंटचं पाळण्यातलं नाव काय होतं, माहीत आहे का? ‘प्रेझेंटर’. १९८७ मध्ये बाजारात आलं तेव्हा फक्त ॲपलच्या मॅकवर चालायचं! त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतलं. तेव्हापासून स्लाइड सरकतेय आणि समोरचा माणूस खुर्चीत खाली सरकतोय.

पण पॉवरपॉइंटच्या कितीतरी आधी आपल्याकडे रेडीमेड फॉरमॅट होता. नारदीय कीर्तन! आधी पूर्वरंग, म्हणजे अभंग घेऊन विषयाची मांडणी. मग उत्तररंग, म्हणजे त्याच मुद्द्यावर एक चटकदार आख्यान, केस स्टडीच म्हणा. मध्ये मध्ये टाळ-चिपळ्या, म्हणजे ऑडियन्सला डुलकी लागायची सोय नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा तर पुढे गेले. शाळेत न गेलेला हा माणूस श्रोत्यांना प्रश्न विचारायचा, उत्तरं त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचा आणि त्याच उत्तरांत त्यांना अडकवायचा. आजचे ट्रेनर याला ‘इंटरॅक्टिव्ह सेशन’ म्हणतात आणि जीएसटी लावतात.

सायन्स काय म्हणते बाप्पा?

‘संवादात शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के’ हे ट्रेनिंगमध्ये ऐकलंय ना? अर्धवट सत्य! अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग भावनांबद्दल होते. शब्द एक म्हणतायत आणि चेहरा भलतंच, तर लोक कशावर विश्वास ठेवतात, एवढंच. सरकीचे दर सांगताना तुमचे शब्द शंभर टक्के मोजले जातात, हातवारे नव्हे.

घाबरलात? ‘शांत हो, शांत हो’ म्हणू नका. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ च्या अभ्यासात दाखवलं, की ‘मला उत्साह वाटतोय’ असं स्वतःला सांगणाऱ्यांचं भाषणच काय, कराओके गाणंसुद्धा सुधारतं. छातीची धडधड तीच, फक्त लेबल बदललं!

आणि तुमची थरथर समोरच्यांना वाटते तेवढी दिसत नाही. सवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये हे तपासलं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांना हे आधी सांगितलं होतं, ते चांगले बोलले. म्हणजे हा परिच्छेद वाचूनच तुमचं अर्धं काम झालं.

एक खेळ. बायकोसमोर टेबलावर बोटांनी गणपतीच्या आरतीचा ठेका वाजवा, ओळखायला सांगा. तुमच्या डोक्यात पूर्ण आरती घुमतेय, तिला ऐकू येतेय नुसती टकटक. स्टॅनफर्डला १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी असंच केलं. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३! वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी तरी ओळखतील. तुमचं तिमाही टार्गेट तुम्हाला पाठ आहे, समोरच्याला टकटक ऐकू येतेय.

आपला रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून ‘शी, हा मी?’ वाटतं ना? स्वतः बोलताना आवाज कवटीच्या हाडांतूनही कानाला पोचतो आणि भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडं गायब. जग ऐकतं ती दुसरी आवृत्ती. फोनवर ती ऐकायची सवय करा. चार दिवसांत स्वतःचा आवाज चालवून घ्याल, सासरच्यांसारखाच.

आणि ‘म्हंजे’चं काय? २२ ऑक्टोबर १९२४ ला कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स क्लबात एक माणूस फक्त वक्त्याचे ‘अं... अं...’ मोजायला बसवतात. वेळ संपत आली की हिरवा, पिवळा, लाल दिवा. आपल्याकडे हा माणूस बसवला तर ‘म्हंजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि ‘ते काय म्हणतात त्याला’ मोजून त्याची बोटं संपतील.

वर्ध्यात वक्ते किती?

जुनं संस्कृत सुभाषित सांगतं, शूर शंभरात एक, पंडित हजारात एक, वक्ता दहा हजारांत एक. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्हा १३ लाख ७७४. करा भागाकार. वक्ते १३०! त्याच सुभाषितात पुढे म्हटलंय, दाता मात्र असेल किंवा नसेलही. गणपतीची वर्गणी मागणाऱ्यांनी याची खात्री करून घेतलेली आहे.

हे १३० जण एकत्र दिसायचं ठिकाण म्हणजे साहित्य संमेलन. वर्ध्याला ते दोनदा झालं. १९६९ मध्ये अध्यक्ष पु. शि. रेगे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वं, अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. श्रोते म्हणून गेलात तरी चालतं. कोण कुठे थांबतो, कोण कागदातून डोकं वर काढत नाही, कुणाच्या भाषणात मागच्या रांगा रिकाम्या होतात, हे बघत बसा. फुकट मास्टरक्लास!

जाता जाता एक खवय्या टिप. प्रेझेंटेशनच्या आधी गोरसपाक खाऊ नका. वर्ध्याची ही गाईच्या तुपातली खुसखुशीत शान नंतरसाठी ठेवा. भीतीनं तोंडातली लाळ आधीच आटलेली असते, त्यात तो भुगा, आणि पहिल्याच ‘नमस्कार’ला पुढच्या रांगेत प्रसाद. आधी कोमट पाणी, मग भाषण, मग गोरसपाक.

आता आभारप्रदर्शन. हे काम ज्याला मिळतं त्याचं कौशल्य खरं, कारण तो उभा राहतो तेव्हाच मागून चहाचा वास येतो आणि खुर्च्या सरकू लागतात. ऐकू आला आवाज? उठा, नाहीतर पोहे संपतील.